बंद समुद्रातलं पाकट

"दोर्चेमावशी, सासी मोडली तर खरंच पोट फुगतं का हो?"

मिन्चेने हे विचारलं मात्र, बदामाच्या झाडाखाली बसलेल्या साऱ्या बायकांचे हात थांबले. कुणाच्या हातात अर्धी विणलेली झावळी होती, कुणाच्या बोटावर सुपारीसाठी घेतलेला चुना. चर्चच्या भिंतीआड ओर्पा आणि तिन्चे तोंडावर हात दाबून खिदळत होत्या. पैज त्यांनीच लावली होती. हा प्रश्न सगळ्यांदेखत विचारून दाखव, नाहीतर आजपासून तुझं नाव गोगलगाय.

सासी म्हणजे ठरल्या मुदतीपर्यंत समुद्रातून काही न उचलण्याचा नेम, मोडेल त्याला शाप लागतो म्हणत. दोर्चेमावशी ही बायकांच्या सासीची म्होरकी. वर्षभरापूर्वी तिनेच प्रार्थना करून गावासमोरचा समुद्र बंद केला होता आणि तेव्हापासून तिथली एकही समुद्रकाकडी, तळावरचा तो महागडा मऊ जीव, कुणी उचलली नव्हती. तिने सावकाश लाल पिंक टाकली.

"फुगतं तर! पण त्याआधी भलतंसलतं विचारणाऱ्याचे गाल फुगतात. ये इकडे, दाखवते."

बायका खो खो हसल्या. त्या हशातच मिन्चेने आपला स्वतःचा, पैजेबाहेरचा प्रश्न पुढे सरकवला.

"मग उद्या सासी उघडली की आईच्या जागी मी उतरू?"

या खेपेला कुणीच हसलं नाही. मिन्चेची आई, यकोमिना, म्हणजे गावातली सगळ्यात खोल बुडी मारणारी बाई. गेल्या उघडणीला तिच्या कानाचा पडदा फाटला आणि तिची बुडी संपली. बायकांच्या नावेतली तिची जागा कोण घेणार, यावर गेला आठवडाभर नुसती कुजबुज चालली होती.

"शाळेतल्या पोरी उतरत नाहीत," दोर्चेमावशी म्हणाली. "वर्गात बडबडून त्यांचा सगळा श्वास संपलेला असतो."

गेल्या वर्षीची मिन्चे असती तर घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडली असती. पण यंदाच्या मिन्चेने वल्हवण्याच्या शर्यतीत गावातल्या पोरांना पाणी पाजलं होतं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माझा बडबडूनही उरतो, मावशी!"

"उरला असेल तर घरी जाऊन चूल फुंक."

झालं. विषय मिटला. निदान मावशीच्या बाजूने तरी.

दुपारी उद्याच्या जेवणासाठी नारळ आणायला बाबांनी होडी काढली. बाहेरच्या बेटावर तिघंच गेली. बाबा झाडावर, आई आणि मिन्चे खाली, असं काम उरकलं. मग नारळपाणी पिऊन तिघंही तास-दीड तास डुंबली, म्हणजे आई आपली काठावर पाय बुडवून बसली. येताना डॉल्फिनांचा एक कळप होडीच्या पुढेपुढे उड्या मारत राहिला. बाबा त्यांना नावं ठेवत सुटले. "तो बघ, तो आपला पाद्री, पोट सुटलेला! आणि ती मागे राहिलेली तुझी ओर्पा." मिन्चे हसून हसून होडीत आडवी झाली. तरी मनात एकच घोळत होतं. मी उतरू शकते. कसं पटवू त्यांना?

आपल्या बंद समुद्राच्या कडेला पोचल्यावर बाबांनी एकदम इंजिन बंद केलं. सासीची हद्द दाखवणारा बांबू, वर झावळ्या बांधलेला आणि खाली दोरीने दगडाला जखडलेला, पाण्यात बुडत होता नि वर येत होता.

"चोर!" बाबांनी वल्हं उगारलं. "खाली कुणीतरी काकड्या लुटतंय. ए, वर ये, तुझ्या आयला!"

आई होडीच्या काठावरून वाकली. "अहो ओबेत, शिव्या आवरा. चोर नाही, पाकट आहे."

आणि केवढं! आपल्या घराच्या ओट्याएवढं काळंभोर पाकट पंख आपटत होतं. दोरीचे दोन वेढे त्याच्या डोक्याजवळच्या शिंगाला बसले होते. बाबांनी सदरा काढला, तोच आईने त्यांचा हात धरला.

"तुम्ही नाही. बायकांची सासी आहे ही. पुरुष उतरला तर उद्याची उघडण बुडाली."

"मग गावात जाऊन दोर्चेला आणतो."

"तोवर ते मरेल. पोहत राहिलं तरच श्वास मिळतो त्याला."

आईने स्वतःच एक पाय बाहेर टाकला. मग नकळत तिचा हात कानावर गेला आणि पाय मागे आला. ते पाहून मिन्चेने बुडीचा लाकडी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"अगं, तू सासीतली नाहीस!" बाबा ओरडले.

"घ्यायची मनाई आहे," आई म्हणाली. "सोडवायची मनाई कुणी केलीय? मिन्चे, ऐक. दोरी कापायची नाही, हद्द वाहून जाईल. वेढे उलट फिरवून काढायचे. आणि वर येशील ती रिकाम्या हाताने. शिंपलासुद्धा शिवायचा नाही. मी होडीवर ठोकलं की वर. ऐकू आलं नाही म्हणायचं नाही!"

पहिली बुडी फुकट गेली. मिन्चे मागून गेली, पाकट उसळलं आणि पंखाच्या फटक्याने तिचा चष्मा कपाळावर चढला. ती खोकत वर आली.

"मागून जातात का कधी?" आई कडाडली. "मागची सावली म्हणजे त्याला शार्क! त्याच्या डोळ्यापुढून जा. बघू दे तुला आधी."

मिन्चे पुन्हा गेली. यावेळी समोरून, सावकाश. पाकटाचा डोळा वळला आणि तिच्यावर थांबला. जणू 'तू कुणाची गं?' असं विचारत होता. वरून आईने बांबू धरून दोरीला ढील दिली. पाकट शांत झालं. मिन्चेने वेढा धरला, दोरी तळव्यात करकचली, पण वेढा फिरला. ठक! होडीचा आवाज पाण्यातून थेट छातीत आला. अजून थोडं, असं तिला वाटलं. पण आईने बजावलं होतं. ती वर आली.

तिसऱ्या बुडीत दुसरा वेढा सुटला. पाकट क्षणभर तसंच राहिलं, त्याला खरंच वाटेना. मग पंख एकदाच हलले आणि तो अख्खा ओटा निळ्यात सरकत गेला.

बाबांनी तिला काखेत धरून वर ओढलं आणि आनंदाच्या भरात तिच्या डोक्यावर नारळपाणी ओतलं.

किनाऱ्याला लागल्यावर आई म्हणाली, "जा. मावशीला तूच सांग." मिन्चे ओलीचिंब बदामाखाली जाऊन उभी राहिली.

"मावशी, मी सासीत उतरले." आणि कुणी काही बोलायच्या आत तिने सगळं सांगून टाकलं.

"हात दाखव," दोर्चेमावशी म्हणाली.

हात रिकामे होते. दोरीने आणि पाकटाच्या खरखरीत कातड्याने सोलवटलेले, पण रिकामे.

"कुठल्या बांबूपाशी?"

"सगळ्यात बाहेरच्या."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. तिथे यकोमिनाशिवाय कुणी जात नसे.

"ठोकलं तेव्हा लगेच वर आलीस? का मस्ती केलीस?"

"वेढा अर्धा सोडून आले."

दोर्चेमावशीने आपली सुपारीची पिशवी उघडून मिन्चेपुढे धरली. ती पिशवी पोरीसोरींपुढे कधी उघडत नसे. "घे. उद्या यकोमिनाच्या जागी तू."

भिंतीआडून ओर्पा आणि तिन्चेने अशी किंकाळी फोडली की गावची कुत्री भुंकायला लागली.

संध्याकाळी बाबा पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला गोष्ट सांगत होते. पहिल्या शेजाऱ्याला पाकट ओट्याएवढं होतं, तिसऱ्याला चर्चएवढं झालं. "आणि माझी पोरगी, अशी समोर!" दरवेळी त्यांचा आवाज याच वाक्याला फाटायचा. आत आई जेवणाला साबुदाण्याची खळ घोटत होती, चांगला कान बाबांकडे करून, गालात हसत. मग तिने खुंटीवरची आपली जाळीची पिशवी काढली, झटकली, तिची गाठ तपासली आणि मिन्चेच्या मांडीवर ठेवली.

"तुला लागेल उद्या. मला आता काय करायचीय?"

ती हसतच म्हणाली. पण पिशवी सोडताना तिची बोटं जाळीत जरा रेंगाळली. दुपारी होडीच्या काठावरून मागे आलेला तो पाय मिन्चेला दिसला. आणि त्याच बाईने वर बसून, पाण्याला न शिवता, आपल्याला तीनदा खाली नेऊन आणलं, हेही लख्ख दिसलं.

मिन्चे उठली. पिशवी तिने आईच्या खांद्याला अडकवली.

"बाबा, गोष्ट थांबवा आणि आत या. आई, तूही ऐक, मध्ये बोलू नकोस. मी ठरवलंय. उद्या मी उतरणार, पण आईच्या जागी नाही. आई नावेत बसणार. कुणी कुठून जायचं, कधी वर यायचं, सगळ्यांना तीच सांगणार. उजाडलं की मी दोर्चेमावशीकडे जाऊन सांगणार आहे, यकोमिनाची जागा भरलेली आहे, मला नवीन जागा करा."