तिसऱ्या घंटेची वाट

मी एक जुना रूळ आहे, मित्रांनो. अख्खा नव्हे, हातभर तुकडा. किनवटच्या जंगलाकडेच्या एका गावात, ख्रिस्ती मंडळीच्या चर्चसमोर, लिंबाच्या जाड फांदीला मी साखळीने टांगलेला असतो. चर्चला इथे सगळे देऊळच म्हणतात. पितळी घंटा नाही म्हणून मलाच घंटा म्हणतात, आणि मीही निमूटपणे ओ देतो.

भट्टीतून निघालो तेव्हाचं आता फारसं आठवत नाही. आठवतात ती छोट्या लाईनवरची वर्षं. अंगावरून गाड्या धडधडत जायच्या आणि मला वाटायचं, आपल्यासारखा मजबूत कोणी नाही. मग एक दिवस मला तडा गेला, केसाएवढा. रूळ तपासत फिरणाऱ्या ग्यानोबा नावाच्या गँगमनने तो वेळेवर पाहिला, लाल झेंडी घेऊन धावला आणि गाडी थांबवली. तडा गेलेला भाग कापून टाकला. उरलेला हा तुकडा साहेबांना विचारून त्याने खांद्यावरून देवळापाशी आणला. "हा इथं वाजंल," म्हणाला.

तेव्हा मंडळी दूरदूरच्या पाड्यांवर विखुरलेली होती. म्हणून दर रविवारी उपासनेआधी तीन घंटा ठरल्या. पहिली ओढ्यापलीकडच्यांसाठी, दुसरी शेतातल्यांसाठी, तिसरी देवळाशेजारच्यांसाठी. पण शेजारचे कुठले तिसरीपर्यंत थांबायला! पहिलीलाच त्यांची दारं उघडायची. कोणी सतरंज्या अंथरायचे, कोणी डफ शेकायचे, आणि लांबची माणसं येईपर्यंत गाणी रंगात आलेली असायची. कोणाचं लेकरू आजारी असलं तर सगळी मंडळी गुडघे टेकून रडत प्रार्थना करायची. मला त्या दिवसांचा फार अभिमान आहे. "आपला रूळ बोलला की झोप उडतीय," असं लोक कौतुकाने म्हणायचे.

पुढे कोणी भांडलं नाही, कोणी विश्वास सोडला नाही. तसं झालं असतं तर निदान आवाज तरी झाला असता. घरं पक्की झाली. ओढ्यापलीकडचे एकेक करून किनवटला, नांदेडला राहायला गेले. उरले शेजारचे. त्यांना वाटू लागलं, पहिली घंटा काही आपल्यासाठी नाही. मग दुसरीही नाही. तिसरी झाली की आंघोळीचं पाणी तापत ठेवायचे. मंडळीचा पंच श्रीमंत तर अर्धी उपासना झाल्यावर यायचा आणि पुढच्या खुर्चीत ऐटीत बसायचा. गाणी तीच होती, पण आता नुसती तोंडं हलायची. पहिलीला हजर असायची दोघंच, मला वाजवणारी पारूबाई आणि म्हातारा झालेला ग्यानोबा.

उघड्या दारातून मला देवळाचं आढं दिसायचं. एका उन्हाळ्यात भिंतीवरून त्या आढ्यावर मातीची एक रेघ चढलेली मी पाहिली. ग्यानोबालाही ती दिसली. त्याने काठीने दाखवलं.

"श्रीमंत, वाळवी हाय. आढं आतून पोखरून राहिली."

"वरून तर चांगलं दिसून राहिलंय की, काका. पाहू पुढच्या ऐतवारी."

पुढचा ऐतवार आला, त्याच्या पुढचाही आला. रेघ बोटाएवढी जाड झाली. दुपारी सामसूम झाली की आतून बारीक किरकिर येई. वळचणीच्या चिमण्या एका सकाळी निघून गेल्या, परत आल्याच नाहीत. मला वाळवी लागत नाही, मित्रांनो, मी लोखंड आहे. तरी ती किरकिर ऐकून मला भीती वाटायची. आणि खाली लोक शांतपणे जांभया देत बसलेले असायचे.

मग तो रविवार आला. पारूबाईने पहिली घंटा दिली. ग्यानोबा आत जाऊन नेहमीच्या जागी प्रार्थनेला बसला. दुसरीला अजून वेळ होता. तेवढ्यात आत काडकन आवाज झाला. आढ्याचं एक टोक सुटून खाली आलं आणि ग्यानोबाचा पाय त्याखाली सापडला. बाकीचं आढं त्याच्या छातीवर तिरकं लटकत कुरकुरत होतं.

पारूबाईने ओढून पाहिलं. तिच्याने ते हलेना. धुळीने तिचा घसा बसला, ओरडायलाही येईना. ती धावत बाहेर आली, हातोडी उचलली आणि मला मारत सुटली. एवढा जीव तोडून मी रुळावरही कधी वाजलो नव्हतो.

शेजारच्या घरातून मला ऐकू आलं, "आज पारूबाई लई वेळ वाजवून राहिली."

"वाजवू दे. ही पहिलीच हाय. तिसरी झाल्यावर पाहू."

श्रीमंत उंबऱ्यावर बसून बुटांना पॉलिश करत होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा ब्रश फिरवू लागला. त्या क्षणी मला त्याचा फार राग आला.

धावत आला तो ओढ्यापलीकडे शेळ्या चारणारा मलप्पा. तो आमच्या मंडळीतला नाही. आमची पहिली, दुसरी, तिसरी त्याला ठाऊक नाही. घंटा अशी वाजते म्हणजे कोणीतरी संकटात आहे, एवढंच त्याला कळलं. शेळ्या सोडून तो आत घुसला आणि आढ्याला खांदा लावला.

"वढ मावशी, वढ!"

पारूबाईने ग्यानोबाला फरफटत बाहेर काढलं, मलप्पाने त्यांच्यामागे दाराबाहेर उडी घेतली, आणि सगळं छप्पर खाली बसलं.

नेहमीच्या वेळेला मंडळी आली, तेल लावून, भांग पाडून, बगलेत पवित्र शास्त्र घेऊन. श्रीमंत सगळ्यांच्या पुढे होता. "तिसरी झाली का?" त्याने विचारलं. मग त्याला धूळ दिसली.

ग्यानोबा वाचला, पण पाय गेला. दवाखान्यातून आणल्यावर त्याची खाट माझ्याच खाली टाकली. श्रीमंत खाटेशी गुडघे टेकून ढसाढसा रडला. "काका, मला माफ करा."

"माफी देवाकडं माग," ग्यानोबा म्हणाला. "मला एवढंच सांग. मलप्पाला घंटा कळली. आपल्याला का न्हाई कळली?"

त्या दिवशी लिंबाखाली मंडळीने प्रार्थना केली, कितीतरी वर्षांनी मनापासून. तेव्हाच ठरलं, यापुढे एकच घंटा. नवं देऊळ उभं राहिलं. मी वाजलो की सगळी दारं उघडू लागली, डफ पुन्हा तापू लागला, आणि ग्यानोबाची खाट उचलून देवळात न्यायला श्रीमंत सगळ्यांच्या आधी येऊ लागला. मी सुखावलो.

पण गेल्या रविवारी मी वाजलो आणि एक दार उघडलं नाही. आतून आवाज आला, "थांब गं, एवढा चहा घेऊन निघू." आणि नव्या देवळाच्या चौकटीवर मला मातीची एक रेघ दिसली, दोऱ्याएवढी.

ग्यानोबाने खाटेवरून ती पाहिली. "पारू," तो म्हणाला, "आधी ती रेघ पूस. अन् मग त्या दाराशी जा."

पारूबाईने पदराने रेघ पुसली आणि ती त्या घराकडे निघाली. तिची चाल आता मंदावली आहे, हातोडीही दोन्ही हातांनी उचलावी लागते. मित्रांनो, देवळाची चौकट असो की तुमचं मन, रेघ दोऱ्याएवढी असतानाच पुसा. आणि हाक आली की पहिल्या हाकेलाच उठा. दुसरी हाक द्यायला हात उरलेला असेलच, असं मला आता वाटत नाही.