गच्चीवर काढलेल्या दोन बोटी

सकाळचे ऊन आमच्या गच्चीवर एकदम येत नाही. आधी ते समोरच्या इमारतीच्या टाकीवर थांबते आणि तिच्या काळ्या प्लॅस्टिकला एक बारीक पांढरी किनार लावते. मग दोरीवरच्या चादरीतून गाळले जाऊन खाली उतरते, कठड्याच्या खरबरीत सिमेंटवर रेंगाळते, आणि अखेरीस फरशीवर येऊन क्षुल्लक वस्तूंना न शोभणाऱ्या लांब सावल्या देते. कपड्यांच्या चिमट्याला, कोरफडीच्या कुंडीला, कुणीतरी विसरलेल्या एका चपलेला. विश्रांतवाडीत या उन्हाकडे कोणी मुद्दाम पाहत नाही. मार्चमधल्या त्या रविवारी मात्र मी सहापासून खाली खिडकीशी त्याची वाट पाहत उभा होतो. आदल्या संध्याकाळी मी फरशीवर खडूने दोन बोटी काढून ठेवल्या होत्या, आणि दहाच्या आत त्यांतली एक निवडायची होती.

बाबांनी खडकवासल्याच्या जलाशयाकाठी, सैनिकी प्रशिक्षणाच्या बोटशेडमध्ये, बत्तीस वर्षे शिडाच्या बोटी दुरुस्त केल्या. समुद्रात ते कधी गेले नाहीत. या एप्रिलमध्ये मी त्यांना गोव्याहून पाच दिवसांच्या सफरीवर नेणार होतो. कप्तानासह भाड्याने मिळणाऱ्या दोन बोटी शिल्लक होत्या. एक मोनोहल, म्हणजे एकाच अंगाची, शिडात वारा भरला की कुशीवर कलणारी. दुसरी कॅटॅमरान, दोन अंगे शेजारी जोडलेली, टेबलासारखी सपाट. मला कॅटॅमरान हवी होती. बाबा मोनोहलवर अडून बसले होते, आणि कारण विचारले की विषय बदलत होते.

"कागदावर बोट निवडत न्हाईत," एवढेच ते म्हणाले होते. शेडची रीत तशी होती. बोटीला हात लावण्यापूर्वी तिची रेघ खऱ्या मापाने जमिनीवर ओढायची आणि अनवाणी तिच्यातून चालायचे.

ऊन चढू लागले तेव्हा मी वर गेलो आणि मला दिसले की गच्चीचा अर्धा भाग धुतलेला आहे. आमच्या पाण्याच्या टाकीकडची कॅटॅमरान शाबूत होती. कठड्याकडची मोनोहल नव्हतीच. फरशी बहुतेक वाळली होती; फक्त पलीकडच्या कोपऱ्यात, उतार संपतो तिथे, थोडे पाणी साचले होते.

"आई, इथली बोट कुठे गेली?"

साबुदाण्याच्या पापड्यांचे ताट घेऊन आई जिन्यातून वर येत होती. "खडूचा पसारा होता तो? पहाटेच धुतला. पापड्या काय तुझ्या बोटीत बसवू?"

मला वाईट वाटायला हवे होते. खरे सांगायचे तर हायसे वाटले.

एवढ्यात बाबा आले. हल्ली ते प्रत्येक पायरीवर आधी अंगठा टेकवून मग पाऊल ठेवतात. लाकूड कुजले आहे का हे चाचपण्याची शेडमधली सवय, असे मी स्वतःला सांगत असे. चहा ओतताना ते कपात बोट धरतात. हातांना चटक्याची पर्वा उरलेली नाही, असे म्हणत असे. वर्तमानपत्राची घडी मोडत नाहीत, कारण बातम्यांत राम राहिलेला नाही. डोळे तपासायला चला म्हटले की ते हसतात, आणि मीही पुन्हा विचारत नाही. सॉफ्टवेअरमधले दोष शोधणे ही माझी नोकरी. घरात मी प्रत्येक दोषाला एकेक निमित्त शोधून देत होतो.

"काढल्यास का रे दोन्ही?"

"हो, पण बाबा..."

"आधी चालू दे. मग तुझं ते 'पण'."

त्यांनी चपला काढल्या. आदल्या रात्री मी जेवताना सांगितले होते, मोनोहल कठड्यापासून तीन पावलांवर आहे. कठड्याला हात लावून त्यांनी तीन पावले मोजली, कोऱ्या फरशीवर उभे राहिले आणि मान खाली घालून बराच वेळ पाहिले.

"व्वा, अन्या. रेघ झकास ओढलीस. हात कुठंच थरथरला न्हाई."

आईच्या हातातले ताट तसेच थांबले. "अहो, तिथं..." ती म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिले. तिच्या नजरेत आश्चर्य नव्हते. मला कधी कळणार, एवढाच प्रश्न तिथे बऱ्याच दिवसांपासून असावा.

फोन वाजला. बोटींच्या कार्यालयातल्या शर्मिला मॅडम होत्या. मी स्पीकर लावला.

"सर, डिसाइड झालं का? दुसरी पार्टी दहाला कन्फर्म करतेय. सीनिअर सिटिझन आहेत ना, मग कॅटॅमरानच घ्या. चहाचा कपसुद्धा हलत नाही."

"कप हलू नये म्हणून समुद्रावर कशाला जायचं, मॅडम?" बाबा तिकडूनच म्हणाले. "घरात टेबल हाय की आमच्या."

मॅडम हसल्या. मी त्यांना मिनिटभर थांबायला सांगितले आणि फोन छातीशी धरला.

"बाबा, ऐका ना. मोनोहल कलते. तुमचा तोल गेला तर?"

ते त्या नसलेल्या बोटीतून चालू लागले. सुकाणूची जागा आली तेव्हा वळसा घातला, डोलकाठीपाशी खांदा तिरका केला. सोळाव्या पावलाला, जिथे बोटीचे टोक असायला हवे होते, त्यांचा पाय साचलेल्या पाण्यात पडला.

ते थांबले. अंगठ्याने फरशी घासून पाहिली. एकदा, पुन्हा एकदा.

"आईनं धुतली का गच्ची?"

"हो."

"कधी?"

"पहाटे."

ओल्या फरशीवर खडू टिकत नाही, हे बत्तीस वर्षे जमिनीवर रेघा ओढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. बाबांनी चेहरा उन्हाकडे वळवला. ऊन आता पुरते वर आले होते, थेट त्यांच्या डोळ्यांत पडत होते, आणि त्यांची पापणी मिटली नाही.

"कलते म्हणूनच पायजे ती," ते हळू आवाजात म्हणाले. "वारा कुठनं आला, पाणी कुठल्या अंगाला हाय, सगळं पायाला कळतं. पाठीला कळतं. त्या सपाट बोटीत मला कुणीतरी सांगत बसावं लागंल, समुद्र इकडं हाय म्हणून."

आईने ताट खाली ठेवले आणि पाठमोरी होऊन एकेक पापडी पसरू लागली.

मी फोन कानाला लावला. "मोनोहल," म्हणालो.

"सर, नक्की ना? वयस्कर माणसांना ती कलती बोट..."

"नक्की," मी म्हणालो. "माझ्या वडिलांना दिसत नाही."