ओरोझबेक डॉक्टरांचं उत्तर

मित्रांनो, नारीन गावात बेकरीच्या वरच्या दोन खोल्यांमध्ये एक लहानसं वृत्तपत्र चालायचं. तिथल्या टेबलावरचा लाल टेलिफोन म्हणजे मी. आता माझा रंग विटला आहे आणि तारही तुटली आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मला वाटलं होतं, मी मोठमोठ्या लोकांच्या टेबलावर बसणार. आधी नशिबी आलं लोकरीचं गोदाम. ते बंद पडल्यावर बुरुल एजेंनी मला उचलून आणलं. एजे म्हणजे ताई. त्या संपादक होत्या, आणि त्यांच्या हाताखाली साल्किन नावाची तरुण बातमीदार होती. एजेंचा नियम एकच होता. ज्याच्याविरुद्ध लिहायचं, त्याला आधी फोन लावायचा आणि त्याचं म्हणणं बातमीतच छापायचं. त्यासाठी मी शिव्या ऐकल्या, रडणं ऐकलं. कधीकधी पलीकडचा माणूस म्हणायचा, "विचारलंत, बरं वाटलं." तेव्हा माझाही जीव सुखावायचा.

त्या वसंतात वरच्या गावात लस टोचल्यावर मेंढ्या मेल्या. लोकांनी जनावरांचे डॉक्टर ओरोझबेक यांचं नाव घेतलं. साल्किननं त्यांना पुन्हा पुन्हा फोन लावला. पण ते डोंगरावरच्या कुरणात गेले होते आणि तिथे फोन पोचत नाही. मी नुसताच घुमत राहिलो. एजे म्हणाल्या, थांबू या. साल्किन म्हणाली, उद्या दुसरे कुणी छापतील, आपण मागे राहू. शेवटी बातमी गेली. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, डॉक्टरांशी संपर्क होऊ शकला नाही. संध्याकाळपर्यंत ती बातमी ज्याच्या त्याच्या मोबाइलवर पोचली. खालची ओळ फारशी कुणी वाचली नाही.

डॉक्टर खाली उतरले आणि दुसऱ्या दिवशी मी खणखणलो. एजेंनी मला उचललं. डॉक्टरांचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच मला सहन होईना.

"बाई, माझं नाव छापलंत. बायको म्हणते, जन्मात एकदा पेपरात आलात, तेही मेंढ्या मारल्या म्हणून."

"आमचं चुकलं, आके," एजे म्हणाल्या. वडीलधाऱ्या पुरुषाला तिकडे असंच म्हणतात. "थांबायला हवं होतं. आता सांगा, एक शब्द कापणार नाही."

मग डॉक्टरांनी सारं सांगितलं. लस गोठून खराब झाली होती. त्यांनी ती टोचायला नकार देऊन सरकारी कोठीत परत पाठवली होती. ते कुरणात गेल्यावर कोठीवाल्यांनी दुसराच माणूस पाठवून तीच लस टोचून घेतली. परतीची पावतीही त्यांच्याजवळ होती. मग ते म्हणाले, "काल शेजाऱ्याची घोडी विताना अडली होती. मी दारापर्यंत गेलो. त्यानं फाटक लावून घेतलं. शिंगरू गेलं, घोडीही गेली. मी बाहेरच उभा होतो."

मी तो आवाज जसाच्या तसा पोचवला. माझ्या हाती तेवढंच होतं.

साल्किननं कोठीवाल्यांनाही फोन करून विचारलं, मग डोळे पुसत उत्तर लिहून काढलं. ते सकाळी पहिल्या पानावर जाणार होतं. पण त्याच दुपारी तीन सरकारी माणसं कागद घेऊन आली. वृत्तपत्राच्या नोंदणीत खोट आहे म्हणाली. एजेंनी खूप समजावलं, निदान उद्याचा अंक निघू द्या, त्यात एका माणसाची अब्रू आहे. "अब्रूचं काम आमच्या खात्यात येत नाही," त्यांच्यातला एक म्हणाला आणि त्यानं दाराला सील ठोकलं.

सकाळी डॉक्टरांचा फोन आला. रिकाम्या खोलीत मी वाजत राहिलो. दाराबाहेर साल्किन उभी होती, तिचा हुंदका मला ऐकू येत होता. ती आत येऊ शकत नव्हती. मी स्वतःला उचलू शकत नव्हतो. दुपारनंतर त्यांनी फोन करणं सोडलं. काही दिवसांनी माझी तार कापली.

पुढचं मला एजेंच्या घरी कळलं, कारण खोल्या रिकाम्या करताना त्यांनी मला सोबत नेलं. साल्किन ते उत्तर घेऊन वरच्या गावात दारोदार फिरली. काहींनी ऐकून घेतलं. बरेचजण म्हणाले, आता कशाला आलीस? डॉक्टर घर विकून राजधानीला, बिश्केकला निघाले होते. बसथांब्यावर तिनं त्यांच्या हाती तो कागद दिला. त्यांनी तो न उघडताच परत केला.

"मला काय वाचायला देतेस, पोरी?" ते म्हणाले. "मला तर हे आधीपासून माहीत आहे."

ते बसमध्ये चढले. साल्किन अजून एजेंकडे येते, चहा घेते, आणि माझ्याकडे बघायचं टाळते.

मित्रांनो, कुणाबद्दल चार लोकांत काही सांगायच्या आधी त्याला विचारा आणि त्याचं उत्तर येईपर्यंत थांबा. विचारणाऱ्यांची दारं कुणी बंद करू लागलं, तर गप्प बसू नका. मी टेलिफोन आहे, मला हे सांगायला उशीर झाला. तुम्ही तरी वेळेवर बोला.