मालनची गोधडी आणि माझ्या खांबातली गोळी

मित्रांनो, कठड्याला कधी कोणी काही विचारतं का? लोक टेकतात, पानाची पिंक टाकतात, ओलं धोतर वाळत घालतात आणि चालू लागतात. म्हणून मीच आपणहून सांगायला बसलो आहे. मी लालबागच्या एका चाळीतला, तिसऱ्या मजल्यावरचा जुना लाकडी कठडा. आता वय झालं, कोणी टेकलं की कुरकुरतो. पण सांगतो ते खरं सांगतो.

माझं लाकूड ब्रह्मदेशच्या सागाचं. ज्या सुताराने मला बसवलं तो मोठा खाष्ट होता. रंधा मारून झाल्यावर माझ्यावर स्वतः चढून नाचला आणि म्हणाला, "आता चाळ पडली तरी हा पडत नाही." तेव्हापासून मी उभाच आहे. माझ्यावर पापड वाळले, सुके बांगडे वाळले, गणपतीत तोरणं लागली. गिरणीचा भोंगा झाला की पुरुषमाणसं माझ्यावर कोपरं टेकून विडी ओढायची. एकदा एका कार्ट्याने माझ्या दोन गजांत डोकं अडकवलं, तेव्हा अख्खी चाळ तेलाची वाटी घेऊन धावली होती. एकूण बरं चाललं होतं.

मग छप्पन सालचा जानेवारी आला. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र पाहिजे म्हणून माणसं रस्त्यावर उतरली होती. लहान पोरंसुद्धा गॅलरीत ओळीने उभी राहून "झालाच पाहिजे!" म्हणून ओरडायची. त्यांत सगळ्यांत मोठा आवाज मालनचा. आमच्या मजल्यावरच्या दत्ताराम विणकराची ही मुलगी, सात वर्षांची, दोन शेंड्यांची, दात पडलेली. माझ्या गजांवर पाय ठेवून उभी राहायची आणि असं ओरडायची की खालचा पानवाला वर बघायचा.

त्याच आठवड्यात एका दुपारी खाली रस्त्यावर गोळीबार झाला. धूर झाला, माणसं पळाली, कोणीतरी किंचाळलं. मालन माझ्यापाशीच उभी होती. एक गोळी वर आली आणि माझ्या टोकाच्या जाड खांबात घुसली. पोरीच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर! तिची आई राधा धावत आली, तिला उचलून आत घेऊन गेली आणि दार लावून घेतलं. मालन रडली नाही, की एक शब्द बोलली नाही. सगळे म्हणाले, "पोरगी धीराची आहे हो!"

आता माझा तो खांब कुठे आहे, ते ऐका. गॅलरी जिथे संडासाकडे वळते, नेमकी तिथे तो उभा आहे. संडासाला जायचं तर त्याला खेटूनच जावं लागतं, दुसरी वाट नाही. एवढं ध्यानात ठेवा.

गोळी लागली आणि माझं नशीब फळफळलं. चाळ कमिटीचे गुणाजी म्हणजे बोलायला लागले की समोर दहा माणसं असोत की दहा हजार, आवाज तोच. ते म्हणाले, "ही आपल्या चाळीची निशाणी! महाराष्ट्र मिळेपर्यंत ही गोळी कोणी काढायची नाही!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, दत्तारामने तर सगळ्यांत जास्त. माझ्या खांबाला हळद-कुंकू लागलं, झेंडूची माळ पडली. परळहून, दादरहून पाहुणे गोळी बघायला यायचे. इतकी वर्षं ज्याला कोणी फडकं मारलं नव्हतं, त्याला लोक हात जोडायला लागले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण पोरं ती. भोकात काड्या घालायची, खिळ्याने टोकरायची. म्हणून गुणाजींनी एक दिवस दम भरला, "हात लावू नका रे! आत दारू आहे अजून. कधी सुटेल नेम नाही!" पोरं लांब पळाली आणि दुसऱ्या दिवशी विसरूनही गेली. मालन तेवढी विसरली नाही.

त्याच सुमारास राधा पहिल्यांदा ओली गोधडी घेऊन माझ्याकडे आली. तिला वाटलं, मालन सरबत जास्त प्यायली असेल. पण दुसऱ्या दिवशीही गोधडी ओली, तिसऱ्या दिवशीही ओली. अंथरूण ओलं करायची सवय केव्हाच सुटलेली मुलगी पुन्हा रोज ते भिजवायला लागली. खोली एकच. तिच्यात मालन, आई-बाप आणि गावाकडून आलेले दोन चुलते. वास कुठे लपवायचा? आणि गोधडी वाळवायची कुठे? ऊन एका माझ्याच अंगावर यायचं.

मग सुरू झाले उपाय. काळे तीळ आणि गूळ झाले. गळ्यात ताईत झाला. दिवेलागणीनंतर पाणी बंद झालं, पोरगी तहानेने ओठ चाटत बसायची. शेजारच्या म्हाताऱ्या जाईबाई म्हणाल्या, "अशी कोपऱ्यात लपवून कशाला घालतेस गं? पुढेच घाल, चारचौघांत. लाज वाटली की आपोआप सुधारेल." राधाला ते पटलं. तेव्हापासून गोधडी माझ्या मधोमध लटकायची, डाग बाहेरच्या बाजूला करून. ती घालायची मालननेच, स्वतःच्या हाताने.

आणि पोरं म्हणजे काय विचारता! दगडू नावाचं एक टारगट पोर होतं. त्याने खालच्या चौकातून आरोळी ठोकली, "मालनची गोधडी!" आणि बाकीची ओरडली, "वाळलीच पाहिजे!" अख्खी चाळ हसली. मोठी माणसंसुद्धा तोंड फिरवून हसली. मालनने गोधडी माझ्यावर टाकली आणि मान खाली घालून आत गेली. त्या दिवसापासून तिने "झालाच पाहिजे" म्हणायचंच सोडून दिलं. मोर्चा आला तरी आत कोपऱ्यात बसायची. माझा जीव तीळ तीळ तुटायचा हो, पण लाकडाच्या जिवाला विचारतं कोण?

कारण मला माहीत होतं. त्या चाळीत एकट्या मला माहीत होतं!

रोज तिन्हीसांजेला मालन त्या खांबापाशी यायची. आजूबाजूला कोणी नाही ना बघायची, मग त्याला कान लावायची. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, पोर डोकं टेकून नमस्कार करतेय. जाईबाई कौतुकाने सांगायच्या, "अंथरूण ओलं करते खरी, पण अभिमान बघा केवढा! रोज गोळीला नमस्कार करते." कसला नमस्कार आणि कसलं काय! ती गोळी आत जागी आहे की झोपली आहे, ते ऐकायची. माझ्या आत होती नुसती वाळवी, तिची करकर तिच्या कानावर पडायची आणि ती पांढरीफटक व्हायची. मग तोंड खांबाला लावून हळूच म्हणायची, "सुटू नको हां. आज सुटू नको."

रात्री तिला जाग यायची. दार किलकिलं व्हायचं. ती उंबऱ्यात उभी राहून माझ्या खांबाकडे बघायची. दोन्ही हात पोटावर घट्ट धरलेले असायचे. संडास त्या खांबापलीकडे. बराच वेळ उभी राहायची आणि पुन्हा आत जाऊन निजायची. सकाळी गोधडी माझ्या अंगावर. मला ओरडावंसं वाटायचं, अगं राधा, तीळ-गूळ काय देतेस, ताईत काय बांधतेस, तिला एकदा विचार तरी! पण कठड्याला तोंड कुठलं? मी नुसता कुरकुरायचो, आणि दत्ताराम म्हणायचा, "ह्याका तेल घालूक व्हया."

दिवाळी आली आणि गेली. चुलत्यांनी तोंड वाजवलं, वासाने झोप येत नाही म्हणाले. राधा रडली. शेवटी ठरलं की मालनला बोटीने कोकणात, गावी आजोळी पाठवायचं. शाळा? "गावाकडे बघू," दत्ताराम म्हणाला, आणि ते म्हणताना त्याने पोरीकडे बघितलं नाही. गावाकडे आजोळघरापासून शाळा दोन डोंगर पलीकडे होती. एकदा गेली असती, तर पाटी सुटली ती सुटलीच. कोणी मला काही म्हणू नका मित्रांनो, त्या रात्री मला माझ्या गळ्यातली माळ नकोशी झाली.

बोटीच्या आदल्या संध्याकाळी बोचकं बांधून दारात ठेवलेलं होतं. राधा मालनला शोधत गॅलरीत आली, तर पोरगी खांबाला कान लावून उभी.

"मालू, काय गो करतंस थय? चल, जेवान घे."

मालन हलली नाही. तशीच कान लावून म्हणाली, "आये, मी गेल्यार हिका कोण बघतलो?"

"कोणाक?"

"गोळयेक. रोज सांजेक मी तिका सांगतंय, सुटू नको म्हणून. उद्यापासून कोण सांगतलो? तू रातीची थयसून जातंस. तुका लागली तर?"

राधाच्या हातातला पदर तसाच राहिला. तिने अगदी हळू विचारलं, "म्हणान तू रातीची उठना नाय?"

"उठतंय. दारापर्यंत येतंय. फुडे पाय उचलना नाय."

राधा तिच्यापाशी खाली बसली. पोरीला पोटाशी घट्ट धरून हमसून हमसून रडली. "माझ्या बाये, माका सांगलंस कित्याक नाय गो?" असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मालन म्हणाली, "तुमी इचारलात खय?"

दत्ताराम दारातून हे सगळं ऐकत होता. मोर्च्यात छाती पुढे काढून चालणारा माणूस, पण त्याचा चेहरा बघवत नव्हता. तो आत गेला आणि पकड व छिन्नी घेऊन आला. माझ्या खांबाची माळ त्याने काढून बाजूला ठेवली आणि छिन्नी लावली. ठोक्याचा आवाज झाला तशी माणसं जमली. गुणाजी धावतच आले.

"अरे दत्ताराम, वेड लागलं काय तुला? निशाणी आहे ती चाळीची! महाराष्ट्र होईपर्यंत हात लावायचा नाही असं ठरलंय. तूच टाळ्या वाजवल्यास ना?"

"वाजवलंय," दत्ताराम म्हणाला. त्याचा हात थांबला नाही. "महाराष्ट्र होतलो तेव्हा होतलो, गुणाजीनू. माझा चेडू उद्या बोटीत बसतला."

गुणाजींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग त्यांची नजर मालनकडे गेली. ती आईच्या पदराआड उभी राहून दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून होती, आता सुटते की मग सुटते म्हणून. गुणाजींना त्यांचा तो दम आठवला असावा, कारण ते एकदम गप्प झाले. त्यांना गप्प झालेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

मला दुखलं, पण मी हूं की चूं केलं नाही. गोळी निघाली. चेपलेला, काळपट शिशाचा खडा. दत्तारामने तो तळहातावर घेऊन मुलीपुढे धरला. तिने एक बोट लावलं, पटकन मागे घेतलं, पुन्हा लावलं.

"इतकीशीच?" ती म्हणाली.

"इतकीशीच गो."

मालनने तो खडा मुठीत घेतला. आणि मग काय करावं तिने? सरळ चालायला लागली. माझ्या खांबाला खेटून पलीकडे गेली, वळणावरून संडासात गेली, आणि चाळीची ती निशाणी, जिला परळ-दादरची माणसं हात जोडून गेली होती, ती तिने खाली सोडून दिली! वर दोन तांबे पाणी ओतलं. गुणाजींनी कपाळावर हात मारून घेतला. जाईबाई "अगं बाई, अगं बाई" करत राहिल्या. मालन ओल्या हातांनी परत आली आणि आईला म्हणाली, "भूक लागली."

बोट मालनशिवाय गेली.

आता तुम्हाला वाटेल, दुसऱ्या दिवशी गोधडी कोरडी झाली. नाही झाली हो. ओलीच होती, तिसऱ्या दिवशीही ओली. भीती काही छिन्नीने निघत नाही. पण राधाने गोधडी माझ्यावर घातली ती डाग आत दुमडून, आणि स्वतःच्या हाताने. खालून दगडूने आरोळी दिली तशी तिने माझ्यावरून वाकून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पुन्हा तो काही ओरडला नाही. रोज निजायच्या आधी राधा रॉकेलची चिमणी हातात घेऊन मालनला वळणापलीकडे न्यायची आणि बाहेर उभी राहून गावच्या गजाली सांगत बसायची. कधी दत्ताराम न्यायचा. पुढे पुढे मालन चिमणी स्वतःच घ्यायला लागली. गोधडी एक दिवसाआड ओली व्हायची, मग आठवड्यातून एखादेवेळी. आणि एका सकाळी ऊन आलं, चाळ उठली, भोंगा झाला, पण माझ्यावर काहीच वाळत पडलं नाही. मी वाट बघत होतो. कोणी आलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला रिकामं राहणं इतकं आवडलं.

साठ साली महाराष्ट्र झाला. चाळीवर दिवे लागले, माझ्यावर पताका लागल्या. गुणाजी नवीन पाहुण्यांना माझ्या खांबापाशी घेऊन आले आणि भोकाकडे बोट दाखवून म्हणाले, "इथे गोळी होती. आता ती सुरक्षित ठिकाणी ठेवली आहे." मागे उभ्या असलेल्या मालनला असं हसू फुटलं की तिला माझा आधार घ्यावा लागला. हसता हसता ती माझ्या गजांवर पाय ठेवून चढली आणि खालच्या गर्दीकडे बघून ओरडली. तोच जुना आवाज होता. खालच्या पानवाल्याने वर बघितलं.

मित्रांनो, ते भोक अजून माझ्यात आहे. वर रंगाचे कितीतरी हात बसले, पण बुजलेलं नाही. तुमच्या घरात, शेजारात कोणा लहानग्याची गोधडी ओली होत असेल, तर ती जरूर उन्हात घाला, पण चारचौघांत मिरवू नका. त्याला हसू नका, तहानलेलं ठेवू नका. जवळ बसा आणि विचारा, बाळा, तुला कशाची भीती वाटते? एवढंच विचारायचं असतं. मला सगळं माहीत होतं, पण मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.