पहारा माझा, झोप त्याची

मी टिटवी बोलते आहे. या प्रकरणातील माझा वाटा मी आधीच स्पष्ट सांगते : पहारेकऱ्याला दुपारी निर्धास्त झोपण्याची सवय मी लावली.

आम्ही झाडावर बसत नाही आणि घरटेही विणत नाही. खडीत उथळ खळगा केला, की आमचा संसार थाटला. अंडी मातकट, काळ्या ठिपक्यांची. शेजारून जाणाऱ्याला ती खडेच वाटावीत. आभाळ कोसळू नये म्हणून मी पाय वर करून झोपते, असे लोक म्हणतात. ज्यांनी मला झोपलेले कधी पाहिले नाही, त्यांचे हे ज्ञान!

बांधकामाचे सामान विकले जाते अशा एका आवारात, फाटकाजवळच्या खडीच्या ढिगाशी मी चार अंडी घातली. जोडीदार आणि मी ती आळीपाळीने उबवत होतो. ऊन तापले, की हौदाच्या गळक्या नळाखाली पोटाची पिसे भिजवून आणायची आणि अंड्यांना गारवा द्यायचा. कोणी फिरकले, की ओरडून आवार डोक्यावर घ्यायचे. फारच जवळ आले, तर पंख मोडल्याचे सोंग करून, लंगडत त्याला दूर न्यायचे.

पहारेकरीही एकदा असाच माझ्यामागे विटांच्या थप्पीपर्यंत आला. मी भुर्रकन उडाले, तेव्हा तो कपाळावर हात मारून हसला. परत जाऊन त्याने अंडी शोधली आणि त्यांच्याभोवती चार विटा मांडल्या.

"टिटवीबाई, आता तुमच्या वाटेला कुणी जाणार नाही," तो म्हणाला.

त्या दिवसापासून मी त्याच्यावर ओरडणे सोडले. आम्हां टिटव्यांत याहून मोठा विश्वास नाही.

त्यानेही माझ्यावर विश्वास टाकला. म्हणजे जेवण झाले, की तो खुर्चीत घोरू लागला. मालकांची गाडी वळणावर दिसताच मी ओरडत असे आणि गाडी पोहोचेपर्यंत तो टोपी नीट करून फाटकात ताठ उभा असे. त्याची बायको डबा घेऊन येई, तेव्हा हसून म्हणे, "अहो, पगार तुम्ही घेता आणि नोकरी ही करते!"

"हळू बोल. भिंतीला कान असतात."

"भिंत आहे कुठे इथे? नुसती तार तर आहे!"

मालक मात्र म्हणत, "काका, आधीचा माणूस झोपायचा म्हणून काढला. तुम्ही बघावं तेव्हा जागे!" या शाबासकीने पहारेकरी फुगला आणि मनातून धास्तावलाही.

एके दिवशी एका गिऱ्हाइकाला चार विटा कमी पडल्या. पहारेकऱ्याने माझ्याभोवतीच्या विटा उचलून दिल्या. मी तेव्हाही ओरडले नाही.

त्याच दुपारी मालक खडी भरायला लोडर घेऊन आले. मी आकांत मांडला. लोडर ढिगाकडे वळताच मी त्याच्यापुढे पंख फरफटत लंगडू लागले. चालकाने यंत्र थांबवले.

"साहेब, हिचा पंख मोडलाय वाटतं."

मालक म्हणाले, "काका, ही एवढी का ओरडते? अंडीबिंडी आहेत का इथं? असतील तर पलीकडच्या ढिगातून भरू, आपलं काही अडत नाही." मग ते हसले. "की गाडी आली म्हणून ही तुम्हाला उठवते?"

तो साधा विनोद होता. पण पहारेकऱ्याचा चेहरा उतरला. त्याने माझ्याकडे पाहिले. माझी ओळख दाखवली, तर झोपेचेही बिंग फुटेल, असे त्याला वाटले असावे. एक 'हो' पुरला असता.

"छे हो साहेब! अंडी कुठली? मांजरानं धरली असेल हिला."

"नक्की?"

"नक्की. भरा इथूनच."

लोडरचे दात खडीत शिरले. त्याचे वर्णन मी करणार नाही.

खडी भरून मालक पुढे गेले आणि चालक लोडर बाजूला लावत असताना पहारेकऱ्याची बायको डबा घेऊन आली. चालक तिला म्हणाला, "मावशी, तेवढं त्या पाखराचं बघा. पंख मोडलाय बिचारीचा."

"मोडलेला नाही, भाऊ. अंडी असली, की ती असं सोंग करते. यांना विचारा, यांना चांगलं ठाऊक आहे."

"पण काकांनी तर..." चालकाने लोडरकडे पाहिले.

तिने ढिगाकडे पाहिले, मग नवऱ्याकडे. "साहेबांनी विचारलं नाही का?"

"विचारलं."

"मग?"

तो डब्याचे झाकण उघडत राहिला. ती डबा रिकामा होण्याची वाट न पाहताच परत गेली.

त्याचे भय मला कळते. परंतु त्याने नोकरी माझी अंडी देऊन राखली आणि ती राखायला आजवर जागत होते मी! आता मला राखण्यासारखे काही उरलेले नाही.

आज जेवण करून पहारेकरी खुर्चीत घोरतो आहे. मालकांची गाडी वळणावर आली आहे. ओरडायचे नाही, असे मी ठरवले आहे. हौदाच्या काठावर उभा असलेला माझा जोडीदारही गाडीकडे पाहतो आहे. त्याने चोच मिटूनच ठेवली आहे. त्याला हे मान्य आहे.