नागाच्या अंड्यांचा रांजण

मी रांजण बोलतोय. जरा हळू, पाहुणे, माझ्या पोटात नागाची अंडी आहेत.

कुंभाराने मला घडवलं ते भाज्या खारवण्यासाठी. पण मी येऊन पडलो हानोईजवळच्या, घरोघरी नाग पाळणाऱ्या गावात, न्यानबाईंकडे. दर उन्हाळ्यात माझ्या तळाशी दमट वाळू, वर अंडी आणि तोंडाला जाळी. मला कुणी धक्कासुद्धा लावत नाही. त्याचा थोडा ताठा चढलाय खरा.

अंडं ठेवलं तसंच राहिलं पाहिजे, हा इथला नियम. म्हणून न्यानबाई विड्याच्या चुन्याने प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर टिपका देतात.

गेल्या वर्षी त्यांनी मला नव्या सुनेच्या, थ्वाच्या हवाली केलं. "हा रांजण सांभाळून दाखव, मग घराच्या किल्ल्या मागायला ये," म्हणाल्या आणि भाताच्या लावणीला निघून गेल्या.

थ्वाचं माहेर बदकांची अंडी उबवणारं. तिकडे टिपका सकाळी वर, संध्याकाळी खाली. पोरीने टिपके पाहिले आणि बाह्याच सरसावल्या. वरची तीन-चार अंडी अलगद उलटी केली. चुकतेयस पोरी, हे मी सांगणार कसं? तोंड एवढं मोठं, आत जीभ नाही.

संध्याकाळी ती पुन्हा जाळी काढत होती, तोच न्यानबाई आल्या.

"काय करतेस गं?"

"कूस बदलतेय, आई. नाहीतर पिल्लू कवचाला चिकटतं."

"ते बदकाचं. नागाचं पिल्लू उलटं केलं की आतच गुदमरतं."

थ्वाचा चेहरा पडला. "मग मी आता माहेरी जाऊ?"

"आधी ती सरळ कर. तिकडे बदकांना माणसं आहेत, इथे या रांजणाला कोण आहे?"

त्यानंतर थ्वा रोज यायची. हात पाठीमागे बांधून नुसती बघत बसायची. मला तिची फार दया यायची.

पिल्लं निघाली. वीतभर जीव, पण फणा काढून सगळ्या घरावर डाफरत होती. उलटलेली अंडीही एकेक करून फुटली. एकच नाही फुटलं. थ्वा ते ओंजळीत घेऊन खूप रडली. न्यानबाईंनी ते सुपारीच्या झाडाखाली पुरलं, हात धुतले आणि कमरेची चुन्याची डबी तिच्या हातावर ठेवली.

यंदाचे टिपके थ्वाचे आहेत, चांगले नाण्याएवढे. बाईंच्या विड्याला चुना उरत नाही, तरी त्यांनी डबी परत मागितलेली नाही.

तेव्हा पाहुणे, जाळी नीट लावा. आणि कुठे टिपका दिसला, तर हात घालण्याआधी घरच्यांना विचारा.