सिप्रियानाच्या कण्याजवळ

मित्रांनो, मी आरशात दिसत नाही आणि हाताने चाचपूनही सापडत नाही. ग्वाटेमालाच्या डोंगरात राहणाऱ्या सिप्रियानाच्या कमरेत, कण्याला अगदी बिलगून असलेला मी एक आखूड, जुना स्नायू आहे. माझ्यावर पातळ, चिवट पडद्यांचे थर आहेत आणि त्यांच्यावर पाठीचे मोठे स्नायू. ओझे उचलले की शाबासकी त्या मोठ्यांना मिळते. माझे काम एवढेच, की सिप्रियाना हलण्याच्या क्षणभर आधी तिचे मणके धरून ठेवायचे.

मी मागावर घडलो. आमच्याकडे मागाचे एक टोक झाडाला बांधतात आणि दुसरे पट्ट्याने विणणारीच्या कमरेला. लहानपणापासून सिप्रियाना अंगणातल्या अवाकाडोच्या झाडासमोर चटईवर गुडघे टेकून बसायची. ती मागे रेलली की उभ्या धाग्यांचा ताणा ताठ होई, पुढे झुकली की सैल पडे. कापडाचा ताण म्हणजे तिची पाठच. म्हणून एकीने अर्धे विणलेले कापड दुसरी हाती घेत नाही. तिच्या हुइपिलचे, म्हणजे घरी विणलेल्या पोलक्याचे, कौतुक करताना बायका म्हणत, सिप्रियानाच्या हातात जादू आहे. हातांचे कौतुक ऐकून मला वाईट वाटत नसे. थोडेसे वाटे.

धाकट्या मुलीचे, इमेल्दाचे, लग्न ठरले आणि सिप्रियानाने तिचा हुइपिल मागावर चढवला. तो अर्धा झाला असताना एका सकाळी उकडलेल्या मक्याचे पातेले उचलून ती झटकन वळली आणि कमरेत कळ गेली. वरचे स्नायू फळीसारखे ताठले. मी मात्र गप्प झालो. दुखण्यापुढे आमच्यासारखे खोलवरचे असेच गप्प होतात.

दोन दिवस विश्रांती ठीक होती. पण तिचा नवरा फाउस्तिनो याने पाठीवर ओझी वाहण्यात आयुष्य काढले होते. त्याला एकच उपाय ठाऊक: जे हलते ते आवळायचे. रोज सकाळी तो स्वतःचा लाल कमरबंद तिच्या कमरेला करकचून बांधू लागला. तिला पेलाही उचलू देईना. भाकऱ्याही स्वतःच थापू लागला. त्या इतक्या जाड होत, की इमेल्दा म्हणाली, या भाकऱ्यांनी छप्पर शाकारता येईल.

कळ ओसरली, पण मला कोणी हाक मारली नाही. पडून पडून मी रोडावलो, माझ्यात चरबी शिरली. एकमेकांवरून सहज सरकणारे माझ्यावरचे पडदे अडखळू लागले. सिप्रियाना चटईवर बसायला गेली की कंबर धरायची. शेवटी इमेल्दा म्हणाली, हुइपिल बाजारातून आणू. सिप्रियाना "आण" म्हणाली आणि तिने भिंतीकडे तोंड केले.

मग आरोग्य केंद्रातली परिचारिका ओदिलिया आली. तिने पायांतली ताकद पाहिली, कुठे बधिरपणा आहे का ते विचारले. मोडलेले काही नाही, ती म्हणाली. कण्याजवळचे स्नायू सुस्तावलेत, ते आपोआप जागे होत नाहीत. कमरबंद सोडायचा, रोज थोडे थोडे हलायचे. फाउस्तिनोने सगळे ऐकून मान डोलावली आणि दुसऱ्या सकाळी नेहमीसारखी गाठ मारली.

"सोड ती गाठ, फाउस्तिनो."

"आणि मोडलीस म्हणजे?"

"मोडलेली बायको तुझ्याच घरात राहील. बाजारात मला कोण विकत घेतंय?"

तो हसला नाही. "तू कण्हतेस ना, तेव्हा माझा जीव जागेवर राहत नाही."

"ठाऊक आहे मला. म्हणून तर इतके दिवस बांधू दिलं."

त्याने गाठ सोडली. बराच वेळ त्याचा हात तिच्या पाठीवर, माझ्या बरोबर वर, तसाच राहिला.

मग ती चटईवर हातगुडघे टेकून एक हात पुढे उचलू लागली, पुढे पुढे त्याच्या उलट बाजूचा पायही. नुकत्याच उभ्या राहिलेल्या वासरासारखा मी थरथरलो. काही दिवस दुखले, काही दिवस नाही. ती शेताच्या बांधापर्यंत चालू लागली. एका दुपारी फाउस्तिनोने न सांगता माग झाडाला बांधला आणि पट्टा तिच्या कमरेमागून घेऊन दिला.

त्या दिवशी बोटभर कापड झाले. त्याने ते चाचपले. "ढिलं झालंय गं."

"असू दे. उसवायचं नाही."

मित्रांनो, पाठ दुखली तर ती जरूर दाखवा, चार दिवस जपाही. पण आम्हाला कायमचे बांधून ठेवू नका. जपणे म्हणजे हलूच न देणे नव्हे. आम्हाला रोज थोडे काम द्या. आम्ही उशिरा येतो, पण येतो.

इमेल्दाने लग्नात तोच हुइपिल घातला. सगळ्यांनी पुन्हा सिप्रियानाच्या हातांचे कौतुक केले. हुइपिलच्या मधोमध बोटभर वीण जरा सैल आहे. तेवढी माझी.